अर्जदाराचा नवरा

मी ज्या ग्रामपंचायतीत क्लार्क होते, तिथल्या मेंबरांच्या बायका मोठ्या उद्योजक होत्या. एकीचे पाण्याचे टँकर होते, एकीचा मंडप डेकोरेटरचा धंदा होता, एकीची तर रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारी एजन्सी होती. फक्त त्यांना स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या सकाळी उठून भाकऱ्या थापायच्या, दुपारी दारात बसून मासळीवालीशी हुज्जत घालायच्या, आणि आपण कुठल्यातरी धंद्याच्या मालकीण आहोत याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूसही नसायचा.

दोन हजार सालानंतरचा काळ. भिवंडीच्या आसपास भाताची खाचरं बुजवून गोदामं उभी राहत होती. राहनाळ, वळ या गावांकडे आधी सुरुवात झाली आणि मग ते लोण आमच्या गावापर्यंत आलं. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण अजून तिथे माझी सोयरीक आहे. गोदामं आली तशी पंचायतीकडे कामं आली, आणि कामं आली तसे घरोघरी बायकांच्या नावाने धंदे निघाले. मेंबराने स्वतः पंचायतीचं काम घेतलं तर मेंबरकी जाते. बायकोने घेतलं तर काय होतं, हे विचारायला कोणी जात नसे.

अशा या पंचायतीत शेलार भाऊसाहेब ग्रामसेवक म्हणून बदलून आले. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, मग तो तेवीस वर्षांचा पोरगा का असेना. शेलार चांगले पन्नाशीचे होते. उंच, हडकुळे, गळ्याशी बटण लावलेला पांढरा सदरा, आणि बोलणं असं की समोरच्याने वही उघडून उतरवून घ्यावं. "कुंदाताई, पंखा लावावा," असं ते मला म्हणाले तेव्हा मी आधी जावक नोंदवहीच उघडली होती.

त्यांची अडचण एकच होती. त्यांच्या बायकोचा धंदा खराखुरा होता.

सुमनवहिनी भिसी चालवायच्या. भिसी म्हणजे लूमवर काम करणाऱ्या कामगारांची खानावळ. उत्तरेकडून आलेले हे लोक घरदार मागे टाकून इथे शिफ्टमध्ये राबतात, त्यांना दोन वेळचं जेवण भिसीत मिळतं. वहिनींच्या मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी गावातलं घर भाचीच्या नावावर केलं. भाऊसाहेब तेव्हा शहापूरकडच्या आडगावांत नोकरी करत होते. वहिनी एकट्या इथे आल्या, मामांच्या ओटीवर दोन चुली मांडल्या आणि सहा माणसांपासून सुरुवात केली. भाऊसाहेबांची बदली याच गावात झाली तोवर वहिनींकडे ऐंशी माणसं जेवत होती. कामगार त्यांना भाभी म्हणायचे. आवाज असा खणखणीत की त्यांनी "रोटी खतम" म्हटलं की पलीकडच्या कारखान्यातला लूमसुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा.

पहिल्याच मासिक सभेत भाऊसाहेबांनी सगळ्यांना एकेक कोरा कागद वाटला. आपल्या कुटुंबात कोणाचा काय व्यवसाय आहे तो लिहून द्यायचा. सहा मेंबरांनी सहा वेळा 'शेती' लिहिलं, सातव्या जनीबाईंनी 'मजुरी'. शेतं गोदामाखाली गेली होती ते सोडा. आठवा कागद भाऊसाहेबांनी स्वतः भरला, 'पत्नी, भिसी, याच गावी' असं लिहिलं, खाली सही केली आणि माझ्याकडे फाइलला लावायला दिला. सरपंच बाळारामशेठ माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हा मानूस आजारी हाय का गो?"

भाऊसाहेबांचं पालुपद एकच होतं. बोलता बोलता ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. इथे हितसंबंध येतो." चहा आला की हितसंबंध यायचा, कारण चहावाल्याचं दुकान पंचायतीच्या गाळ्यात होतं. कोणी घरच्या झाडाचे आंबे आणून दिले की हितसंबंध यायचा. गावातल्या पोरांनी ते उचललं. क्रिकेट खेळताना अंपायरचा भाऊ बॅटिंगला आला की सगळे एका सुरात ओरडायचे, "हितसंबंध येतो!" आणि अंपायर बदलायचे. भाऊसाहेबांना याचं फार कौतुक होतं. या गावाची पुढची पिढी सुधारणार, असं ते मला गंभीरपणे म्हणाले होते.

कचेरीच्या वेळात वहिनी त्यांच्यासाठी बायको नव्हत्या, 'भिसीधारक' होत्या. वहिनीही काही कमी नव्हत्या. त्या त्यांना साहेब म्हणायच्या आणि त्या साहेबमध्ये एवढी मिरची असायची की ऐकणाऱ्याला ठसका लागावा.

एकदा कोणीतरी तक्रार केली की भिसीजवळच्या गल्लीत सांडपाणी साचतं. दुसरा असता तर बायकोला घरी सांगून मोकळा झाला असता. भाऊसाहेब दोन पंच घेऊन, मला कागद लिहायला घेऊन, पंचनाम्याला निघाले. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"भिसीचं पाणी कुठे सोडलं आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"शोषखड्ड्यात, साहेब. या, बघा."

खड्डा होता. झाकणासकट होता. मग गल्लीतलं पाणी येतं कुठून? आम्ही त्या पाण्याच्या मागे मागे गेलो. ते भिंतीच्या कडेने वळलं, घराच्या मागच्या अंगाला गेलं आणि एका मोरीपाशी संपलं. त्या मोरीत रोज पहाटे फक्त एकच माणूस आंघोळ करायचा. दोन्ही पंच आभाळाकडे बघायला लागले.

"लिहा," भाऊसाहेब म्हणाले. "वापरकर्ता, स्वतः ग्रामसेवक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला नोटीस काढली. सही करून माझ्याकडे दिली, "बजावा आणि पोच घ्या" म्हणाले, मग उठून टेबलाच्या अलीकडे, लोक बसतात त्या बाकड्यावर येऊन बसले. मी नोटीस दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, पोच दिली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. सात दिवसांनी त्यांचा लेखी खुलासा आला. त्यावर त्यांनीच शेरा मारला, 'खुलासा असमाधानकारक'. रविवारी ते स्वतः कुदळ घेऊन खड्डा खणत होते. वहिनी वर उभ्या राहून सांगत होत्या, "साहेब, अजून एक वीत खोल घ्या. नियम आहे."

या माणसाला हसावं की नमस्कार करावा, मला कळत नसे. मी हसायचे. नमस्काराचं पुढे बघू म्हणायचे.

उन्हाळ्यात टँकरचा घोळ झाला. बाळारामशेठांची बायको चंद्राबाई एके सकाळी रिकामा हंडा घेऊन आली आणि तो तिने माझ्या टेबलावर आदळला.

"तीन दिस झालं, आमचे आळीन टँकर न्हाय! कोन हाय तो टँकरवाला? त्याचा नाव लिवा. चपलेनं मारीन मी त्याला!"

मी मान खाली घातली. भाऊसाहेबांनी मात्र शांतपणे फाइल काढली. "तक्रार करणं हा तुमचा हक्क आहे बाई. टँकरच्या मालकाचं नाव चंद्राबाई."

"ही कोन मेली?"

"तुम्ही."

चंद्राबाई बाकड्यावर बसली. फाइलमधल्या कागदाकडे लांबूनच बघत राहिली.

"सही तुमचीच आहे ना?"

"सही हाय. पन त्यांनी सांगलंतं, गॅसचे शेगडीचा कागद हाय म्हून." मग, आवाज उतरवून, "किती टँकर हायेत माजे?"

"तीन."

तिने हंडा उचलला, पदर खोचला आणि गेली. त्या संध्याकाळी तिन्ही टँकर तिच्या आळीत ओळीने उभे होते आणि ती ड्रायव्हरांना कुठल्या दारात किती हंडे ते सांगत होती. पुढचा सगळा उन्हाळा गावात पाणी वेळेवर आलं. बाळारामशेठ मात्र दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन कचेरीत आले. "भाऊसाहेब, तुमी माजे घरान आग लावलीत!"

"मी फक्त तक्रारदाराला माहिती दिली," भाऊसाहेब म्हणाले. ते त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. बाळारामशेठांनी हे मनात ठेवलं.

बायकांच्या धंद्यांना वाचा फुटल्यावर भाऊसाहेबांनी नियमाचं पुस्तकच सभेत आणलं. ज्याचा हितसंबंध त्याने त्या विषयाच्या वेळी बाहेर जायचं. मग सभेत सारखी ये-जा सुरू झाली. टँकरचा विषय निघाला की बाळारामशेठ बाहेर, मंडपाचा निघाला की दुसरा बाहेर. बाळारामशेठांनी यावर एक हुशारी केली. पुढच्या सभेला वर्षभराची सगळी कामं आणि सगळे दाखले मिळून त्यांनी एकच विषय केला. एकदाच हात वर करायचे, एका दमात सगळं मंजूर.

भाऊसाहेबांनी विषय वाचला आणि हात वर केला. "थांबा. विषय एकच आहे. म्हणजे सगळ्यांचाच हितसंबंध येतो."

"मंग?"

"मग सगळ्यांनी बाहेर जायचं."

वाद झाला, पुस्तक उघडलं गेलं, बंद झालं आणि अखेर सरपंचांसकट सहा जण उठले. भिसीचा दाखलाही त्याच विषयात होता, म्हणून भाऊसाहेबही उठले. बाहेर जांभळाखाली सगळी पंचायत उभी राहिली. आत राहिले मी आणि पाड्यावरून निवडून आलेल्या जनीबाई. त्यांचा नवरा वीटभट्टीवर जायचा आणि त्यांच्या घरी कोणाच्याच नावावर काही नव्हतं. जनीबाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, उठल्या आणि सरळ सरपंचांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"आता मीच सरपंच का?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

"मंग लिव. पाड्यावं नळ पायजे. दोन."

गणपूर्ती नव्हती, ठराव होऊ शकत नव्हता, पण मी तो लिहिला. इतकी वर्षं इतिवृत्तं लिहिली, पण असं मन लावून लिहिलेलं दुसरं आठवत नाही. नळ पुढे दोन वर्षांनी आला, तोही एकच. सभा अर्थातच तहकूब झाली. वहिनींच्या दाखल्याचं घोडं अडलं ते इथून.

दर वर्षी एप्रिलात भिसीला पंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. त्यावर सरपंचांची आणि ग्रामसेवकाची, दोघांच्या सह्या लागतात. नंतरच्या सभेत विषय वेगवेगळे घेतले आणि बाकी सगळ्यांचे दाखले सुटले. भाऊसाहेब वहिनींच्या दाखल्यावर सही करेनात. बायकोच्या कागदावर नवऱ्याने सही करायची नाही, विषय संपला. मी सुचवलं, "दोन दिवस रजा घ्या. शेजारच्या गावचे ग्रामसेवक चार्जवर येतील, ते करतील सही."

"रजेचं कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं. "दुसरं काही लिहिलं तर खोटं. खरं लिहिलं तर हितसंबंध."

मी रजेचा कोरा फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. तालुक्याला लिहिलं, या गावी पत्नीचा व्यवसाय असल्याने माझी अन्यत्र बदली व्हावी. आता गोदामांच्या गावात बदली मिळावी म्हणून लोक काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. तिथून कोणी आपणहून जायचं म्हणतो, याचा अर्थ पाणी मुरतंय. एक साहेब चौकशीला आले, तीन दिवस आमची दप्तरं तपासली, काहीच सापडलं नाही म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला, आणि "बघतो" म्हणून निघून गेले. भाऊसाहेब दर महिन्याला स्मरणपत्र धाडत राहिले.

पण खरी गंमत घरी होती. गंमत म्हणजे बघणाऱ्यांना. भाऊसाहेबांनी ठरवलं की अर्ज प्रलंबित असताना अर्जदाराच्या हातचं खायचं नाही. मागच्या पडवीत त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह मांडला. संध्याकाळी पुढच्या ओटीवर ऐंशी माणसं डाळ, भात, गरम रोट्या आणि आठवड्यातून एकदा कोंबडीचा रस्सा ओरपत असायची, आणि मागे मालकिणीचा नवरा पातेल्यात करपलेली खिचडी ढवळत असायचा. वहिनींनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही विचारलं. "साहेबांचा नियम आहे," एवढंच त्या सगळ्यांना सांगायच्या.

रामसजीवन म्हणून एक म्हातारा कामगार होता. त्याला राहवेना. एकदा मी काही कागदांवर भाऊसाहेबांची सही घ्यायला गेले होते, तेव्हा तो पानात दोन रोट्या झाकून मागच्या दाराने आला.

"साहब, दो रोटी खा लो. आपकी खिचड़ी तो कल कुत्ता भी सूँघ के चला गया।"

"रामसजीवनजी, आप भाभी के ग्राहक हैं," भाऊसाहेब म्हणाले. "हितसंबंध आता है।"

"वो कब आता है, कब जाता है साहब?" म्हाताऱ्याने कळवळून विचारलं. मी हसू दाबत बाहेर आले. ओटीवर वहिनी पीठ मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या हसत नव्हत्या. भाऊसाहेबांची गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. ऐंशी जणांना पोटभर वाढणाऱ्या बाईच्या घरात एक माणूस उपाशी आहे, आणि तो आपला नवरा आहे, हे तिला रोज बघावं लागत होतं. माझं हसू तिथेच राहिलं.

असे सात महिने गेले. मग बाळारामशेठांनी लेखी तक्रार दिली. गावात विनादाखला भिसी चालते आहे, कारवाई करावी. त्यांनी ती मुद्दाम भर कचेरीत, हसत हसत भाऊसाहेबांच्या हातात दिली. तक्रार खरी होती, त्याला काय करणार. भाऊसाहेबांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. मग स्वतःच्या हाताने नोटीस लिहिली, पंधरा दिवसांत भिसी बंद करावी, आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "कुंदाताई, बजावा. मला नाही जमणार."

मी गेले. वहिनींनी हात पदराला पुसले, नोटीस उभ्या उभ्याच वाचली. अक्षर तर ओळखीचंच. पोचेवर सही केली. मला वाटलं आता रडतील, नाहीतर शिव्या घालतील. मामांच्या घरातल्या त्या काळ्या झालेल्या भिंतींकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "कुंदाताई, नाल्याच्या पलीकडे हद्द कोणाची?"

"शेजारच्या गावाची."

"तिथे ग्रामसेवक दुसरा?"

"दुसरा."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पिठाकडे वळल्या.

नाला भिसीपासून पन्नास पावलांवर होता. त्याच्या पलीकडे एका गोदामाच्या मागे पत्र्याची शेड रिकामी होती. वहिनींनी ती भाड्याने घेतली आणि तिथल्या पंचायतीत अर्ज दिला. तिथल्या ग्रामसेवकाला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की चहा मिळेल का. आठवड्यात दाखला हातात आला. मग एका शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, ऐंशी माणसांनी भिसी उचलली. कोणाच्या डोक्यावर भाताचा टोप, कोणाच्या खांद्यावर शेगडी, दोघांच्या मध्ये पोळपाटांचं पोतं, रामसजीवनच्या गळ्यात पळ्या आणि झाऱ्यांची माळ. नाल्यावर एक फळी टाकलेली होती, तिच्यावरून एकेक जण जात होता. सगळं गाव बघायला लोटलं. चंद्राबाईने आपला एक टँकर पाठवला होता, तो शेडपाशी पाणी भरत होता. बाळारामशेठ म्हणाले, "टँकर कोनी सोरला?" आणि मग स्वतःच गप्प बसले.

भाऊसाहेब नाल्याच्या अलीकडे उभे होते. शेवटचं भांडं पलीकडे गेलं. तिकडे चूल पेटली, डाळीला फोडणी बसली, वास इकडे आला. भाऊसाहेब फळीवरून हळूहळू पलीकडे गेले आणि कामगारांच्या पंगतीत शेवटी बसले. वहिनींनी त्यांना वाढलं. पहिला घास तोंडात घातला आणि त्या सरळ ताठ माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही, जेवत राहिले.

सगळे बघून हसत होते, टाळ्या वाजवत होते. मलाही आनंद झाला होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला भाऊसाहेबांचा रागही आला. नियम त्यांनी पाळला आणि घर वहिनींनी सोडलं. पंगत उठल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "मामाच्या घरात माझी चूल पहिल्या दिवशी पेटली तेव्हा हे इथे नव्हते. आज विझली, तेही ह्यांना दिसलं नाही. जेवायला मात्र बरोबर आले." हे त्या हळू आवाजात म्हणाल्या नव्हत्या. भाऊसाहेब हात धूत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात मात्र फार वेळ धूत राहिले.

त्यानंतर ते जरा बदलले. पंचायतीत तेच, तसेच. पण संध्याकाळी मामांच्या बंद घराची ओटी ते स्वतः झाडायचे, आणि मग नाला ओलांडून जायचे. पत्र्याची शेड दुपारी भट्टीसारखी तापायची. पावसाळ्यात नाला भरला की फळीवरून जाता येत नसे, तेव्हा कामगार लांबच्या रस्त्याने वळसा घालून यायचे. वहिनींनी तिथेही बस्तान बसवलं. मीही दुपारचा डबा आणायचं बंद करून तिथेच जेवायला लागले.

आणि मग एके दिवशी तालुक्याहून पाकीट आलं. मीच फोडलं. 'आपल्या विनंतीस अनुसरून आपली बदली करण्यात येत आहे.' खाली गावाचं नाव होतं. नाल्यापलीकडच्या गावाचं.

मी हसत सुटले. मला आवरेना. भाऊसाहेबांनी कागद माझ्या हातून घेतला, वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दुपारपर्यंत टेबलावरून उठले नाहीत. नुसतं काहीतरी लिहीत होते.

दुपारी आम्ही दोघं पलीकडे गेलो. त्यानंतरही मी त्यांना किती तरी वेळा पाहिलं असेल, पण डोळ्यांपुढे येतात ते त्या दुपारचे. शेडमध्ये पहिली पंगत उठली होती. भाऊसाहेबांनी आदेश वहिनींच्या हातात दिला. त्यांनी वाचला. मग पत्र्यांकडे पाहिलं, नव्याने लिंपलेल्या चुलींकडे पाहिलं, ओळीने उपड्या घातलेल्या टोपांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंदाताई, पुढे आणखी एखादा नाला आहे का हो?"

त्या हे हसत म्हणाल्या, पण मला त्यांच्याकडे बघवेना. मामांच्या घरी परतायचं तर दाखल्यावर बाळारामशेठांची सही लागणार, आणि ते ती देणार नाहीत हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"नको," भाऊसाहेब म्हणाले. "या वेळी मी हलतो."

त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. चार वर्षं नोकरी बाकी होती. या माणसाला नोकरी म्हणजे काय होती ते मी रोज पाहिलं होतं. कचेरीतलं मोडकं कपाटसुद्धा ते असं उघडायचे की जणू आत कोणी झोपलं आहे. वहिनींनी अर्ज घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. बाजूला डाळ उतू जात होती, रामसजीवनने धावत येऊन ती उतरवली.

"तारीख टाकलेली नाही," वहिनी म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. एवढ्या वर्षांत बिनतारखेचा कागद त्यांच्या हातून सुटलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी पेन काढलं. वहिनींनी कागद पाटावर दाबून धरला, आणि त्यांनी तारीख टाकली. वहिनींनी अर्ज माझ्याकडे दिला. मी तो पर्समध्ये ठेवला आणि मला एकदम रडूच कोसळलं. का ते नीट सांगता येणार नाही.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. संध्याकाळची शिफ्ट सुटायला वेळ कमी होता. त्यांनी कांद्यांची पाटी पायाने भाऊसाहेबांपुढे सरकवली आणि वर विळी ठेवली. भाऊसाहेबांनी बाह्या दुमडल्या, मांडी घातली, एक कांदा उचलून उजेडात धरला.

"किती बारीक?" त्यांनी विचारलं. "काही नियम आहे का?"

"तो आता मी ठरवणार," वहिनी म्हणाल्या.